दिव्याचं कडं आणि आमचे साडू

माणसाच्या चेहऱ्याआधी त्याच्या गाडीचा चेहरा ओळखणारा गृहस्थ उभ्या महाराष्ट्रात एकच निपजला, आणि तो नेमका माझ्या वाट्याला साडू म्हणून आला. लग्न ठरवताना माणूस मुलगी बघतो, सासरा बघतो, फारच चौकस असला तर सासुरवाडीच्या विहिरीचं पाणीही चाखून बघतो. साडू मात्र कुणी बघून घेत नाही. तो आधीपासूनच मांडवात उभा असतो. आमचे साडू तर मांडवातही नव्हते. माझ्या लग्नात सगळे माझ्या डोक्यावर अक्षता टाकत होते तेव्हा हे बाहेर वऱ्हाडाच्या बसपुढे उकिडवे बसले होते. ओळख करून द्यायला सासऱ्यांनी त्यांना हाताला धरून आणलं, तर माझ्या मुंडावळ्यांकडे ढुंकूनही न बघता ते म्हणाले, "पाव्हणं, तुमच्या गाडीचा डावा दिवा खाली बघतोय. लाजतोय जनू." नवऱ्या मुलाबद्दल त्यांनी त्या दिवशी काहीच मत दिलं नाही. पुढे तीन-चार वर्षांनी मी स्कूटर घेतली, तेव्हा कुठे माझ्याकडे त्यांचं लक्ष गेलं.

साडूभाऊ पलूसचे. थोडी उसाची जमीन, बाकी सगळी उमेदीची वर्षं फौजेत, गाड्या दुरुस्त करणाऱ्या पलटणीत. सरहद्दीकडच्या रस्त्यावर गाड्यांच्या रांगा निघायच्या तेव्हा शत्रूला दिसू नये म्हणून हेडलाइटवर काळा रंग फासायचा, टोपण बसवायचं, फट ठेवायची ती सुद्धा बोटभर, असं त्यांचं काम. "सारी नोकरी दिवं झाकण्यात गेली बगा," असं ते सांगत. त्यामुळे पेन्शनीत निघाल्यावर दिसेल तो दिवा उघडा करायचा, धुवायचा, पुसायचा आणि त्याला दागिना घालायचा, हा त्यांनी पणच केला असावा. नव्वद सालानंतर आमच्याकडे वडापच्या जीपगाड्या फार झाल्या. माणशी पैसे घेऊन कोंबून माणसं नेणाऱ्या या गाड्यांत माणसांना बसायला जागा नसे. पण गाडीच्या तोंडाला मात्र नटायची भारी हौस. त्याच सुमारास सांगलीच्या रेडिओवाल्यांकडे एलईडी नावाचे बारके दिवे मिळू लागले. तांबडे, हिरवे, पिवळे, डाळिंबाच्या दाण्याएवढे. पांढरा दाणा तेव्हा निघालेलाच नव्हता. ते दाणे हेडलाइटभोवती गोलाकार बसवून कडं करायचं, म्हणजे गाडी समोरून येताना डोळ्यांत काजळ घालून आल्यासारखी दिसे. पलूस-विटा भागात ही कडी घालायची साथ आली होती, आणि ती साथ पसरवण्यात आमच्या साडूंचा हात मोठा होता.

कडं कुणीही बसवत असे. साडूभाऊंचं वैशिष्ट्य हे, की बसवण्यात त्यांना रस नव्हता, टिकवण्यात होता. "लावतंय कुनीबी, पाव्हणं. नवरीला मंगळसूत्र घालाय काय लागतंय? निभावतंय कोन ते बगायचं," असं ते म्हणत, आणि आक्का, म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण, आतून भांडं आपटे. इतरांची कडी चार खड्ड्यांत लोंबकळत. चिकटवलेलं असायचं ते हेडलाइटच्या उष्णतेनं पाघळे, पावसाचं पाणी शिरून निम्मे दाणे मरत, आणि गाडी तोंडाचे दात पडल्यासारखी हसत हसत यायची. मग ती पलूसला येई. साडूभाऊ शेतातल्या जाड प्लास्टिकच्या पाइपाची चकती कापून घेत, तिला बारीक भोकं पाडत, एकेक दाणा बसवून मागून कथलाचा डाग देत आणि मग तांब्याच्या तारेनं ते सबंध कडं वाकळ शिवावी तसं शिवून काढत. त्यावर नळदुरुस्तीवाले दोन वड्या एकत्र मळून लावतात ती लुकण. एवढं झालं की कडं गाडीपेक्षा जास्त टिकेल अशी खात्री होई. खरोखरच टिकत. एका ट्रॅक्टरचा ओढ्यात चुराडा झाला, मालक वाचला, आणि ट्रॅक्टर भंगारात गेला तेव्हा भंगारवाल्यानं दोन कडी तेवढी शाबूत परत आणून दिली. साडूंनी ती खुंटीला टांगली, लोक मुलांच्या शाळेतली प्रशस्तिपत्रं टांगतात तशी.

काम पक्कं झालंय की नाही हे बघायची त्यांची एक परीक्षा होती. गावातल्या पिठाच्या गिरणीचा सांगाडा फार हादरे. तयार कडं ते गिरणीवाल्याच्या परवानगीनं, आणि तो नसला तर परवानगीशिवाय, गिरणीच्या अंगाला बांधून ठेवत आणि बॅटरी जोडून देत. दळण होईस्तोवर एकही दाणा न विझता कडं चाललं तर पास. दळणाला आलेल्या बायाबापड्या आधी बिचकल्या, नंतर त्यांना ते इतकं सवयीचं झालं की कडं नसलं तर "आज गिरनी बंद हाय का वं?" असं विचारू लागल्या. एकदा मात्र कडं शिवायच्या आधीच परीक्षेला बसवलं गेलं आणि त्यातला एक दाणा उडून आक्काच्याच पिठाच्या डब्यात पडला. मी त्या दिवशी पलूसला जेवायला होतो. भाकरीच्या दुसऱ्या घासाला दाताखाली काहीतरी कडक आलं. काढून बघतो तर तांबडा दाणा. मी दाढ चाचपत होतो, बायको घाबरून पाणी आणायला धावली होती, आक्काला शरमेनं मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. साडूभाऊंनी तो दाणा माझ्या हातातून घेतला, धोतराला पुसला, बॅटरीच्या दोन तारांना लावला आणि तो पेटल्यावर कौतुकानं म्हणाले, "बगा! तव्यावर भाजला, दाढंखाली चावला, तरी जिता हाय. माल वरिजनल!"

हे मजबुतीचं वेड गाडीपुरतं राहिलं असतं तर संसार सुखाचा झाला असता. पण तांब्याची तार हातात असलेल्या माणसाला जगातली प्रत्येक वस्तू सुटणार असं वाटत असतं. त्यांच्या घरात कपाचे कान तारेनं शिवलेले होते. छत्रीला इतकी तार होती की ती उघडायला दोन माणसं लागत, आणि उघडली की मिटत नसे, म्हणून आक्का पाऊस थांबल्यावरही छत्री उघडीच घेऊन गावातून यायची. माझ्या चष्म्याची काडी सैल झाली हे मी चुकून बोललो. झोपून उठलो तर चष्मा तयार होता. तो कानावरून काढताना दोन्ही हात लागत आणि थोडे केसही जात. "आता ह्यो पडायचा न्हाई," साडू म्हणाले. ते खरंच होतं. तो चष्मा मला आंघोळीलाही काढता यायचा नाही.

माझ्या स्कूटरचं काय झालं ते सांगायला नको होतं, पण सांगतो. दिवाळीत पलूसला गेलो होतो, दुपारी जेवून लवंडलो. चहाला उठलो तर अंगणात माझी स्कूटर नवरात्रातल्या देवीसारखी सजून उभी. हेडलाइटला आतून तांबडं कडं, बाहेरून हिरवं, आणि हॉर्न वाजवला की दोन्ही मिचकावणार. मी पाटबंधारे खात्यात नोकरीला, साताऱ्याला राहणारा, बऱ्यापैकी गंभीर माणूस. कडं काढायचा प्रयत्न केला तर हेडलाइट हातात आला, कडं जागचं हललं नाही. तसाच साताऱ्याला आलो. कचेरीत शिपायापासून साहेबापर्यंत सगळे "वरात आली" म्हणू लागले. पोवई नाक्यावर पोलिसानं शिट्टी मारली, गाडीभोवती एक फेरी मारली आणि विचारलं, "हे काय आहे?" माझ्या तोंडून एकच शब्द गेला, "साडू." त्यानं माझ्याकडे जरा वेळ पाहिलं, आणि त्यालाही एखादा साडू असावा, कारण पावतीपुस्तक खिशात घालून त्यानं मला जाऊ दिलं.

अशा माणसाच्या घरी मुलगी पाहण्याचा कार्यक्रम ठरला, म्हणजे काय प्रसंग असेल याची कल्पना करा. त्यांची एकुलती एक मुलगी सुरेखा. शांत, बारीक आवाजाची, आणि बापाची अतोनात लाडकी. स्थळ म्हसवडचं. मुलगा विलास तिथल्याच शाळेत मास्तर, आणि त्याचे वडील म्हसवड-दहिवडी मार्गावर स्वतःची जीप वडापला चालवणारे. राकट, मोठ्या मिशीचे, आवाज असा की जीपला हॉर्न बसवायची गरज नसावी. आक्कानं आदल्या दिवशी नवऱ्याला देवापुढे बसवून शपथ घातली होती, की उद्या गाडीकडे बघायचं नाही. मला खास त्यांच्यावर नजर ठेवायला साताऱ्याहून बोलावलं होतं.

जीप आली. पुढचं उजवं कडं लोंबत होतं, अगदी कानातला डूल निसटावा तसं. मी साडूंचा दंड पकडला. तरी त्यांची मान जीपकडेच वळलेली. पाहुण्यांना बसवलं, पोहे आले, सुरेखा आली, तिला नाव विचारलं, शिक्षण विचारलं. मी मुलाच्या वडिलांशी पाऊसपाण्याचं बोलत होतो, माझी नजर जेमतेम चहाच्या कपाकडे वळली असेल, तेवढ्यात शेजारची जागा रिकामी. मुलाच्या बापानं विचारलं, "मुलीचं वडील कुठं गेलं?" आक्कानं घाईनं पुन्हा पोहे वाढले, तेही संपले, तरी ते येईनात. आम्ही सगळे बाहेर आलो. अंगणात गोणपाट अंथरलेलं, त्यावर जीपचे दोन्ही हेडलाइट, काचा, स्क्रू, तारा ओळीनं मांडलेल्या, आणि मधे आमचे साडू मांडी घालून. जीपच्या तोंडाला दोन काळी भोकं. आक्कानं दारातच पदर तोंडाला लावला.

मुलाचे वडील कमरेवर हात ठेवून त्या भोकांपुढे उभे राहिले. मग म्हणाले, "पाव्हणं, पोरगी पसंत हाय. पर आमी आता जायाचं कसं?"

"जायाचं कशाला?" साडू मान वर न करता म्हणाले. "आवं, कुनी गाढवानं हे कडं बसवलंय? नुसतं चिकटवलंय. असल्या कड्यावर तुमी पंधरा-पंधरा मानसं घिऊन फिरताय?"

"गाढव न्हवं, मीच बसवलंय."

आता संपलं, असं मला वाटलं. पण त्या दांडग्या माणसानं धोतर सावरलं आणि तोही गोणपाटावर बसला. "बरं मग, कसं बसवायचं ते दावा तरी." उन्हं उतरेपर्यंत दोघं व्याही एकमेकांवर वसवस करत त्या कड्याला भोकं पाडत होते. पाहुण्यांचं जेवण तिथेच झालं, देण्याघेण्याचं बोलणं काढायचं कुणाच्याच लक्षात राहिलं नाही, आणि लग्न ठरलं. नंतर कितीतरी दिवस आक्का सांगत होती, की माझ्या लेकीचं लग्न पसंतीनं न्हाई, दुरुस्तीत झालं.

लग्न झालं, सुरेखा म्हसवडला गेली, आणि साडूभाऊ एकदम गप्प झाले. कामं येत होती, ते करत होते, पण शिवता शिवता हात थांबायचा. आमच्याकडे एक जुनी रीत आहे, की लेकीला मूल होईपर्यंत आईबापानं तिच्या घरचं अन्नपाणी घ्यायचं नाही. हल्ली फार कुणी पाळत नाही. पण साडूभाऊ फौजी, एकदा नियम म्हटला की नियम. लग्नानंतर ते एकदाच म्हसवडला गेले ते घरून भाकरी आणि बाटलीत पाणी घेऊन. ओसरीवर बसून स्वतःची भाकरी खाल्ली, स्वतःचं पाणी प्याले. आत सुरेखा रडत होती. व्याह्यांचा तोल गेला. "आमच्या घरचं पानी कडू हाय का?" ते ओरडले. साडू म्हणाले, "पानी ग्वाड आसंल. पर रीत हाय." त्यानंतर ते गेलेच नाहीत. जाऊन तिला रडवायचं, त्यापेक्षा न गेलेलं बरं. दिवाळीला सुरेखा दोन दिवस माहेरी यायची, तेवढीच काय ती आईबापांची भेट. वर्ष गेलं, आणखी एक गेलं. सुरेखाकडे पाळणा काही हलला नाही. लोक आडून आडून विचारू लागले. आक्का नवस बोलू लागली. आणि साडूभाऊ म्हसवडकडून येणाऱ्या प्रत्येक जीपच्या ड्रायव्हरला कड्याची चौकशी करता करता हळूच विचारू लागले, "आमची पोरगी दिसली का वं कुठं?"

मग एक दिवस एसटीच्या कंडक्टरबरोबर निरोप आला. व्याह्यांच्या जीपचं कडं बंद पडलंय.

साडूभाऊंनी आधी विश्वासच ठेवला नाही. त्यांनी शिवलेलं कडं बंद? भंगारातून शाबूत परत आलेल्या कड्याच्या जातीचं? ते तणतणत पिशवी भरून निघाले, विट्याला गाडी बदलून म्हसवडला पोचले. बघतात तर एक तार तुटलेली. जोडायला किती वेळ लागणार? जोडली, दाणे पेटले, हात पुसून ते निघाले. तेव्हा व्याही वाटेत आडवे उभे राहिले.

"जेवल्याबिगर न्हाई जायाचं."

"रीत हाय, पाव्हणं."

"तुमची रीत बापाला. आमच्या घरात बी रीत हाय. दारात आल्याला मिस्त्री उपाशी जात न्हाई. तुमी बाप म्हनून न्हाई, मिस्त्री म्हनून जेवा."

साडूभाऊंनी यावर बराच विचार केला. फौजेच्या नियमात अशी पळवाट बसते का हे त्यांनी मनातल्या मनात तपासून पाहिलं असणार. शेवटी त्यांनी हात धुतले. मात्र घरात न जाता जीपच्या शेजारी, मिस्त्री बसतो तिथेच बसले. सुरेखानं ताट आणून ठेवलं. "मिस्त्री, वाडू का अजून?" असं तिनं विचारलं तेव्हा तिला हसू आवरेना, आणि ते ताटातून मान वर काढेनात.

त्यानंतर ते कडं दर महिना-दीड महिन्यानं बंद पडू लागलं. याचा परिणाम व्हायचा तो झाला. म्हसवडच्या स्टँडवर वडापवाले हसू लागले. पलूसच्या मिस्त्रीचं काम सख्ख्या व्याह्याच्या गाडीवर टिकत नाही, मग दुसऱ्याच्या काय टिकणार? त्या बाजूनं येणारी गिऱ्हाईकं कमी झाली. एकानं तर पलूसला येऊन तोंडावर विचारलं. मी तिथेच होतो. मला वाटलं, आता साडू त्याला पान्हा फेकून मारतील. पण ते खाली बघत म्हणाले, "व्हतंय कवा कवा. हात म्हातारा झाला." आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांना स्वतःच्या कामाला नावं ठेवताना ऐकलं, आणि मला काही केल्या ते खरं वाटेना.

खरं काय ते मला योगायोगानं कळलं. खात्याच्या कामासाठी माझा माण तालुक्यात दौरा होता. दुपारी वाट वाकडी करून सुरेखाकडे डोकावलो. घराच्या मागच्या बाजूला जीप उभी, आणि तिच्या पुढ्यात तो दांडगा मिशीवाला माणूस गुडघ्यावर बसून हेडलाइटमध्ये तोंड खुपसून बसलेला. मला वाटलं, काच पुसतोय. जवळ जाऊन बघतो तर कड्याची तार दाताखाली धरलेली आणि मान एकसारखी हलतेय, ऊस सोलावा तशी. माझी चाहूल लागताच ते दचकले. तोंडात तारेचा तुकडा तसाच.

"आवं पाव्हणं," तुकडा थुंकून ते एवढ्या हळू बोलले, की तो आवाज त्यांचाच का अशी मला शंका आली. "कुनाला बोलू नगा. पोरगी पाच-सा दिस झालं गप हाय. जेवती, काम करती, पर बोलत न्हाई. माज्या बायकूनं परवा पाळन्याचं कायबाय काडलं, त्यापासनं. बाप यून गेला म्हंजी मग चार दिस गानी म्हनती. बोलवून यायाचा न्हाई त्यो. रीत घिऊन बसलाय. मग आमी काय करायचं? तोडायचं कडं."

मी म्हटलं, "पण त्यांच्या कामाची नाचक्की होतेय हो."

"ती बी मलाच ऐकाया लागती की स्टँडवर!" ते आपल्या मूळ आवाजात गरजले. "माजा व्याही हाय त्यो. लय जनांशी भांडलोय मी त्यापायी."

न बोलायचं मी कबूल केलं. पण साताऱ्याला परतताना मला राहवेना. त्या माणसाचा सगळा जन्म पक्क्या कामावर उभा, आणि आपला हात म्हातारा झाला असं समजून तो झुरत असेल तर ते बरं नव्हे. पुढच्या खेपेला पलूसला गेलो तेव्हा साडूभाऊ अंगणात एका ट्रकच्या कड्याला डाग देत होते. मी शेजारी बसलो आणि पाहिलेलं सगळं सांगून टाकलं.

त्यांनी हातातलं काम थांबवलं नाही. "म्हाईत हाय," ते म्हणाले.

"माहीत आहे?"

"पयल्याच खेपंला कळलं. हादऱ्यानं तुटल्याली तार येगळी दिसती, पाव्हणं. ही चावल्याली व्हती. दात उमटल्यालं." त्यांनी चिमटीतला दाणा नीट बसवला. "चांगली पक्कड हाय त्यांच्या गाडीत, मीच दिल्याली. पर न्हाई. दातानंच तोडत्यात. वरचा एक दात हलाय लागलाय त्यांचा, बगितलं का तुमी?"

"मग तुम्ही बोलला का नाहीत?"

"काय बोलू? तोडू नगा म्हनू?"

मी पुढची तार सोडवून त्यांच्या हातात दिली. ती घेत तेच पुढे म्हणाले, जरा ओशाळल्यासारखे, "आता त्या जागंला मी लुकण लावत न्हाई. शिवत बी न्हाई. तार बी बारीक घालतो, जरा भाईर काडून ठेवतो. म्हाताऱ्याच्या दाताला तरास नगो." आणि मग लगेच, कुणी ऐकलं तर काय घ्या अशा घाईनं, "डाव्या कड्याला मातर हात लावून बगा म्हनावं. जीप मोडंल, त्ये मोडायचं न्हाई!"

असं ते काही वर्षं चाललं. एक जण दातानं तोडत होता, दुसरा पुन्हा जोडत होता, दोघंही एकमेकांना त्याबद्दल चकार शब्द बोलत नव्हते, आणि मधल्या मधे एक मुलगी ताट वाढत होती. मग व्याह्यांची नजर कमी झाली. एकदा कडेच्या दगडावर गाडी घातली, माणसं वाचली, पण विलासनं हट्ट धरला आणि जीप पाटणच्या कुणाला तरी विकून टाकली. ही बातमी साडूंना कळली तेव्हा त्यांनी म्हणे पिशवीतली हत्यारं काढून पुसली आणि परत ठेवली. महिना गेला. दोन गेले. म्हसवडहून निरोप येण्यासारखं आता काही उरलंच नव्हतं.

पुढचं मला सुरेखानं सांगितलं. एका सकाळी ती अंगण झाडत होती. बघते तर रस्त्यानं बाप येतोय. धुतलेला सदरा, टोपी, आणि हात मोकळे. ओसरीवर येऊन टेकले. कामाशिवाय कधी बसायची सवय नाही. हात आधी गुडघ्यावर ठेवले, मग मांडीखाली घेतले, मग टोपी काढून तिची शिवणच तपासायला लागले. व्याही समोरच खाटेवर होते. एरवी शेजारच्या गल्लीत ऐकू जाईल असं बोलणारा माणूस आढ्याकडे बघत बसला. सुरेखानं पाण्याचा तांब्या आणला आणि कुठे ठेवावा हे न कळून तशीच उभी राहिली. साडूभाऊंनी तो तिच्या हातातून घेतला आणि घटाघटा प्याले. जेवायला आत, चुलीसमोर बसले. रीत, मूल, मिस्त्री, कशाचीही कुणी आठवण काढली नाही. तिनं दोन भाकरी वाढल्या. त्यांनी आणखी अर्धी मागून घेतली.

संध्याकाळी ते पलूसला परतले तेव्हा आक्का ताट झाकून वाट बघत होती. हा भाग माझ्या बायकोला आक्कानंच सांगितला, तो सुद्धा फार उशिरा. "जेवून आलोय," ते म्हणाले. कुठे, असं तिनं विचारलं. लेकीकडं, ते म्हणाले. इतक्या वर्षांत नवऱ्याला लेकीकडे जायला निदान दुरुस्तीचं तरी निमित्त होतं; आपल्याला तेवढंही नव्हतं, आणि हे कुणाच्या ध्यानातही आलं नव्हतं, हे तिनं तोवर कुणालाच बोलून दाखवलं नव्हतं. झाकलेलं ताट उचलत ती एवढंच म्हणाली, "तुमचं बरं हाय. आमाला कुठं कडं जोडाय येतंय?"

साडूभाऊ पायरीवर बसून राहिले. बायकोकडे त्यांनी त्या दिवशी किती वेळ पाहिलं कोण जाणे.

"उद्या तू बी चल," ते म्हणाले.

"मी काय म्हनून येऊ?"

"आई म्हनून चल."

आक्कानं ताट तसंच खाली ठेवलं, आत गेली, आणि ट्रंकेतली इरकल साडी काढून तिच्या घड्या हातानंच सारख्या करत बसली.